शुद्धलेखनाचे दोन गुण

हजेरी नंबर ४१ चे दोन गुण मी कापले त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तसंही आम्ही शिक्षक मुलांना आधी नंबरानेच ओळखतो, आडनाव नंतर आठवतं. २०२५ च्या जूनमध्ये ४१ शाळेत येऊन गेला, म्हणून हे लिहायला बसले. तो कशाला आला होता ते शेवटी सांगते.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. १९९८ पासून, एकाच शाळेत. सांगली जिल्ह्याचा खानापूर-आटपाडीकडचा भाग. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी उन्हाळाभर टँकरवर जगणारा. इथली पोरं दहावी झाली, न झाली की गलाईच्या धंद्यात जातात. कुणाचा मामा कोईमतूरला, कुणाचा चुलता कानपूरला, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. नाहीतर घरची मेंढरं असतातच.

एप्रिल २०१४. नववीची वार्षिक परीक्षा संपून पेपर तपासून झाले होते. हेडसरांनी ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "बाई, एक्केचाळीसचा पेपर जरा परत बघा."

सोळा वर्षांच्या नोकरीत "परत बघा"चा मला एकच अर्थ माहीत होता. म्हणजे तेहेतीस आहेत, पस्तीस करा. मी निकालपत्रक आठवून म्हटलं, "सर, तो पास आहे. दोन्ही सत्रांची सरासरी पस्तीसवर बरोबर टेकतेय."

"तेच म्हणतोय," हेडसर म्हणाले.

मला समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. ४१ गणितात कच्चा, इंग्रजीत कच्चा. दोन विषयांत सवलतीचे गुण देऊन तो वर जात होता. तिसरा विषय अडकला तर सवलत बसत नव्हती. तिसरा विषय माझा. आणि तो दहावीला बसला तर बोर्डात नक्की जाणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हती.

ज्यांना शाळेतलं आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला २०१० ला. त्यानुसार तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं. त्यामुळे पहिलीपासून सुटलेली गाडी पहिल्यांदा थांबायची ती नववीच्या फाटकात. पुढे दहावी, आणि दहावीचा निकाल गावाला दिसतो. नववीत किती मुलं गळाली ते कुणी विचारत नाही, वर्तमानपत्रात तर येतच नाही. म्हणून "शंभर टक्के निकालाची परंपरा" असा फ्लेक्स जिथे दिसेल, तिथे मी तरी मनातल्या मनात नववीच्या पटाकडे बघते. नववीला किती होते आणि दहावीला किती बसले. परंपरा बरेचदा त्या वजाबाकीत असते.

हेडसर दुष्ट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. त्यांना संचमान्यतेची धास्ती होती. पटावर मुलं किती, त्यावर शिक्षकांच्या जागा किती ते ठरतं. पाच किलोमीटरवर दुसऱ्या संस्थेची शाळा, तिथे सेमी इंग्रजी सुरू झालेलं. आमचा निकाल पडला की पुढच्या वर्षी आठवीची दहा-बारा पोरं तिकडे. तुकडी मोडली की एक शिक्षक अतिरिक्त. मग समायोजनाची वाट बघत बसायचं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायची तयारी ठेवायची. सेवाज्येष्ठतेत माझ्या खाली भाषेचा एकच शिक्षक होता. हे हेडसरांनी बोलून दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती.

मी पेपर घरी आणला. रात्री भाकरी झाल्यावर कट्ट्यावरच उघडला.

आठ गुणांचा निबंध होता, विषय "पहिला पाऊस". आता हा विषय दिला की काय येतं ते मराठीच्या कुठल्याही शिक्षकाला झोपेतून उठवून विचारा. मातीचा सुगंध दरवळतो. मोर थुईथुई नाचतो. बळीराजा सुखावतो. आमच्या भागात मोर आहेत, नाही असं नाही, पण त्या वर्षी सदतीस पेपरांत ते सगळे एकाच वेळी नाचत होते. गाइडातून उतरलेला मोर. त्यांना मी सहा-सहा, सात-सात दिले होते. शुद्धलेखन बरं, परिच्छेद पाडलेले, शेवटी एक सुविचार.

४१ ने लिहिलं होतं (मी तसंच उतरवते, कारण ते मला पाठ आहे):

"पयला पाऊस पडला की आप्पा मेंढरं घिऊन घरी येत्यात. दिवाळी झाल्यावर गेलेले आसत्यात. आई सकाळपासनं वाटंकडं बघती. मेंढरं भिजल्यावर लई वास येतो. लोकांना तो आवडत नाही. मला आवडतो. त्या वासावरनं मला आप्पा लांब आसतानाच कळत्यात."

एवढंच. सात वाक्यं, आणि काना-मात्रा-वेलांटी यांच्यावर पावसाने मारा केल्यासारखी अवस्था. पहिल्यांदा तपासताना मी पाच दिले होते. का पाच, असं कुणी विचारलं असतं तर नियमात सांगता आलं नसतं. पण अडतीस पेपरांत तेवढ्याच एका पेपरात मला पाऊस दिसला होता. शुद्धलेखन सोडलं तर त्याला आठपैकी आठ होते. धरलं तर अडीच-तीन. मी मध्ये कुठेतरी थांबले होते. त्या गठ्ठ्यात मी सगळ्यांत जास्त विचार करून दिलेला तोच एक गुण असेल.

लाल पेनने "पयला"खाली रेघ मारली. "घिऊन"खाली मारली. "येत्यात", "आसत्यात", "वाटंकडं". समासात लिहिलं "शुद्धलेखन", पाचाचे तीन केले आणि बाजूला सही केली. एकूण दोन गुण गेले, सरासरीत एक गेला. पस्तीसचे चौतीस.

त्यात खोटं काय होतं? हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि गेली अकरा वर्षं विचारते आहे. तो पेपर जगातल्या कुठल्याही नियामकापुढे ठेवा, तो म्हणेल तीनच बरोबर. कदाचित म्हणेल तीनसुद्धा जास्तच. मी नियमाबाहेर काही केलं नाही. नियम मी फक्त एकाच मुलाला लावला, एवढंच. बाकीच्या अडतीस... चुकले, सदतीस पेपरांत "सुगंध"चा "सूगंध" झालेला मी सोडून दिला होता.

मे महिन्यात त्याचे वडील आले नाहीत, ते मेंढरांमागे लांब होते. आई आली. तिला शाळेतूनच सांगितलं गेलं की नववी परत करण्यापेक्षा १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी देता येईल, वर्ष वाचेल. सतरा नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी. मुलगा मग शाळेच्या निकालात धरला जात नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने दाखला घेतला, पदर सावरत मला म्हणाली, "बाई, तुमी लई केलं त्येच्यासाठी." मी "पाणी घ्या" म्हणाले.

पुढच्या वर्षी आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. फ्लेक्सवर विषयशिक्षक म्हणून माझाही फोटो होता. ऊन लागून दिवाळीपर्यंत त्यातला माझा चेहरा निळा पडला होता.

हे वाचून कुणी म्हणेल, बाईंनी एकदा गुण कमी केले, वाईट झालं. मी म्हणते, कमी केलेले दोन गुण मला ठणकतात, पण वाढवून दिलेले हजारो गुण मी कधी मोजलेसुद्धा नाहीत. ते देताना हात जड झाला नाही. उलट बरं वाटायचं.

सुरुवात आमच्याकडे यायच्या आधीच होते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन कागदावर चांगलं होतं, मी त्याची टिंगल करणार नाही. मुलाला वर्षातून दोनदा घाबरवण्यापेक्षा रोज बघा, त्याच्याबद्दल चार ओळी लिहा. पण चाळीस मुलं, प्रत्येक विषयाच्या नोंदी, वर माहिती भरायची, जनगणना, निवडणूक. मग तयार नोंदींची पुस्तकं निघाली, नंतर पीडीएफ आल्या. "स्वतःचे मत मुद्देसूदपणे मांडतो." "कविता तालासुरात म्हणतो." एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी "कविता तालासुरात म्हणते" वाचलं. मुलगा होता. वरच्या मुलीची ओळ खाली उतरली होती. तो नववीत आला तेव्हा त्याला जोडाक्षर वाचता येत नव्हतं. श्रेणी ब-२.

आणि आमच्याकडे आले की वीस गुण. दहावीला भाषेच्या शंभरातले ऐंशी लेखी, वीस शाळेच्या हातात, तोंडी आणि स्वाध्याय मिळून. हे वीस गुण म्हणजे देवळातला प्रसाद. दारात आलेल्याला मिळणारच, आणि जो आला नाही त्याच्या घरी पुडी पाठवायची. कुणाला अठरा, कुणाला एकोणीस, एखाद्याला वीस. सगळ्यांना सारखे दिले तर तपासणीत दिसतं, म्हणून थोडे खालीवर. हे खालीवर करायचीसुद्धा एक पद्धत असते. मीच नव्या शिक्षकांना शिकवली आहे.

का देतो? कारण शेजारची शाळा देते. सीबीएसईवाल्यांना मिळतात. बोर्डात लेखीत पोरगं पंधरा-सोळा तरी काढेलच, आपले एकोणीस धरले की पस्तीसला टेकतं. एका गरीब पोराचं वर्ष वाचवणं पाप आहे का? नाही. मी आजही म्हणते, नाही. माझ्या वीस गुणांमुळे दहावी पास झालेली आणि त्या कागदावर पोलीस भरतीला, आयटीआयला, अंगणवाडीत लागलेली किमान पन्नास पोरं-पोरी मी दाखवू शकते. त्यांतल्या कुणाचेही गुण मला परत घ्यायचे नाहीत.

मग बिघडलं कुठे, ते मला एका मुलीने दाखवलं. २०१८ चा फेब्रुवारी. तोंडी परीक्षा म्हणजे खरं तर दोन तासांत उरकायचं काम. नाव, पाठातला एक प्रश्न, दोन मिनिटं कशावरही बोल. ही मुलगी आली आणि म्हणाली, टँकरवर बोलते. आणि तिने टँकर आल्यावरची भांडणं करून दाखवली. चार बायकांचे चार आवाज, टँकरवाल्याचा पाचवा, घागरीचा सहावा. एक म्हातारी जिची घागर फुटकी आहे आणि तिला ते माहीत नाही. शिपाई चहा घेऊन दारात थांबला तो थांबलाच. शेवटी म्हातारी रिकामी घागर डोक्यावर घेऊन निघते आणि वाटेत म्हणते, "आज हलकी कशी लागती गं?" मी हसले आणि मग हसू आवरून खाली बघितलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. असं भाषण मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला वीस दिले.

तक्ता टेबलावरच होता. तिने उलटा वाचला. या मुलींना उलटं वाचता येतं, हे शिक्षकांनी लक्षात ठेवलेलं बरं.

"बाई, समद्यांना अठरा-एकोणीस हाईत."

"हं."

"त्यो तर आलाच न्हाय आज. त्येला पण अठरा."

मी गप्प.

"मग माझं दोन कशाचं?"

रागाने विचारलं नव्हतं. हिशेब विचारला होता. न आलेल्यापेक्षा दोन गुण जास्त, हीच तिच्या त्या सहा आवाजांची किंमत. मी म्हटलं, "तू फार छान बोललीस." ती "बरं" म्हणून गेली. माझ्या "छान"ला वजन उरलं नव्हतं, कारण तो शब्द ज्या नाण्यात मोजायचा ते नाणं मीच पातळ करून टाकलं होतं. गलाईवाल्यांच्या मुलखात राहून मला हे उशिरा कळलं. सोन्यात थोडं तांबं घालावंच लागतं, नाहीतर दागिना होत नाही. पण सगळंच तांबं झालं की खऱ्या सोन्याचा तुकडा घेऊन आलेल्या माणसाला काय देणार?

पुढच्याच वर्षी मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते वीस गुण काढून टाकले. शाळा खैरात करतात म्हणून. मार्च २०१९ ला मराठीचा पेपर शंभरचा झाला. राज्याचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता तो ७७.१० वर आला. आमच्या शाळेतले सहा गेले, त्यांतले तिघे मराठीत. मातृभाषेत. लोक हसले, व्हॉट्सअॅपवर विनोद फिरले.

मला मात्र त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत हलकं वाटत होतं, ते इथे कबूल करते. तक्ते भरायचे नव्हते. खालीवर करायचं नव्हतं. जे येतं ते लिहा, जे पडतील ते तुमचे. निकालाच्या दिवशी ते तिघे एका ओळीत शाळेच्या कठड्यावर बसले होते. त्यांना आधीच्या इयत्तांत सढळ हाताने गुण देणारी मीच. इतकी वर्षं "तुला मराठी येतं" असं सांगितलं आणि दहावीत अनोळखी परीक्षकाच्या हातून खरं कळवलं. त्यांतला एक म्हणाला, "बाई, मराठीत कसा काय गेलो वो मी?" खरंच आश्चर्य वाटलं होतं त्याला.

(परीक्षकांचंही सांगते, मी बोर्डाचे पेपर तपासलेले आहेत. गठ्ठा येतो, वर बारकोड, नाव नाही, गाव नाही. तेहेतीस-चौतीसवर पेपर थांबला की परीक्षक पुन्हा पानं चाळतो, एखाद्या उत्तरात अर्धा, एखाद्यात एक सापडतो. ती दया बिनचेहऱ्याची असते, म्हणून मला ती स्वच्छ वाटते. आपल्या वर्गातल्या मुलाचा पेपर तपासताना त्याने सकाळी काय खाल्लंय, तेही माहीत असतं.)

ओरड झाली. दुसऱ्या मंडळांच्या मुलांना शाळेचे गुण मिळतात, आपली मुलं अकरावीच्या प्रवेशात मागे पडतात. ही ओरडही खोटी नव्हती. त्याच वर्षी वीस गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. आम्ही परत तक्ते काढले.

आणि मग मी ठरवलं, आता नियत साफ. निदान नववीला तरी. मी दिवाळीच्या आधीच्या सत्र परीक्षेत हात आखडता घ्यायला लागले. मुलांना जरा दचकवायचं, म्हणजे दुसऱ्या सत्रात अभ्यास करतात. जिला सत्तर पडायचे तिला साठ. त्याच्या खाली काय चुकलं ते लिहायचं. २०१९ च्या ऑक्टोबरला नववीच्या तुकडीला मी असे पेपर दिले. मुलं रडली. मला वाटलं, चला, पहिल्यांदा गुणाला काही अर्थ आला.

एप्रिल २०२० ला करोनामुळे नववीची वार्षिक परीक्षाच रद्द झाली. पहिल्या सत्रावर मुलं दहावीत गेली. आणि २०२१ ला दहावीची परीक्षा रद्द झाली. सूत्र आलं: पन्नास गुण नववीच्या निकालावर, तीस दहावीतल्या शाळेच्या मूल्यमापनावर, वीस तोंडी-प्रात्यक्षिकाचे. म्हणजे मी दचकवण्यासाठी दिलेले ऑक्टोबर २०१९ चे गुण बोर्डाच्या गुणपत्रकावर छापले जाणार होते.

शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती झाली, त्यात मी होते. दार लावून, मास्क लावून बसलो. एक सहकारी म्हणाले, "पेपर रद्दीत गेलेत. फाइलला हात लागला तर लागला. कोण बघतंय?" सगळे माझ्याकडे बघत होते, कारण सगळ्यात कडक आकडे माझे होते. मला काय आठवलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी म्हटलं, नोंदलेल्या आकड्याला एकदा हात लावून बघितलाय मी, परत लावणार नाही. कुणी फार वाद घातला नाही. बाईंचं डोकं फिरलंय, एवढंच.

१६ जुलैला निकाल लागला. संकेतस्थळ बराच वेळ उघडतच नव्हतं. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. आमच्या शाळेतली पहिली आलेली मुलगी ७८ वर. शेजारच्या शाळेत ती ज्यांना गणित समजावून सांगायची, त्या मैत्रिणी नव्वदच्या पुढे. अकरावीसाठी सीईटी होणार होती, तिने तयारी केली होती, म्हणाली बाई तिथे दाखवते. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती सीईटी रद्द केली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या कॉलेजात तिला शास्त्र शाखा हवी होती, तिथल्या यादीत ती बसली नाही.

तिची आई बाजारात भेटली. भांडली नाही. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन नुसतं म्हणाली, "बाई, त्या शाळंत तुमच्यासारखी बाई न्हवती व्हय?"

याच्यावर काय बोलणार? एकदा मी आकडा बदलला, एका पोराची शाळा सुटली. एकदा नाही बदलला, एका पोरीची शाखा सुटली. दोन्ही वेळा मी होते तिथेच राहिले. माझा पगार चुकला नाही. लोक मला आता कडक आणि सरळ बाई म्हणून ओळखतात. संस्थेच्या कार्यक्रमात एकदा तसा उल्लेखही झाला, श्रीफळ मिळालं.

मी काही उपाय सांगणार नाही. वीस गुण काढावेत की ठेवावेत, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. आता पाचवी आणि आठवीला परत वार्षिक परीक्षा आल्यात, त्याबद्दल मला शिक्षकांच्या ग्रुपवर विचारतात तेव्हा मी अंगठा पाठवते. एक बदल मात्र केलाय. तोंडी परीक्षेचे गुण अजून खैरातीचेच देते, पण वही वेगळी ठेवते. तीत प्रत्येकाच्या नंबरापुढे एक ओळ. पीडीएफमधली नव्हे, मी ऐकलेली. "'ण' आणि 'न' एकच बोलतो पण गोष्ट शेवटपर्यंत नेतो." "घाबरते, आजीबद्दल विचारलं की घाबरत नाही." ती ओळ मुलाला वाचून दाखवते. गुण विचारू नका म्हणते, ते सगळ्यांचे सारखेच आहेत. मुलं ओळ ऐकून जातात. काही जण परत येऊन विचारतात, "बाई, माझं काय लिवलं हुतं?"

तर ४१.

हेडसर निवृत्त झाले. सध्या प्रभारी मीच आहे. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला, २५ तारखेला राज्यात मान्सून आल्याचं जाहीर झालं, इतक्या लवकर कित्येक वर्षांत आला नव्हता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मैदानात चिखल होता. ऑफिसात एक जण बूट बाहेर काढून, अनवाणी आत आला. अंगाने भरलेला, हातात चांदीचं कडं. लेखनिकाने विचारलं, काय काम. म्हणाला बहिणीच्या जात पडताळणीला माझा जनरल रजिस्टरचा उतारा पाहिजे. मी मान वर केली.

"बाई, वळखलं का?"

"एक्केचाळीस," मी म्हणाले.

तो मोठ्याने हसला. कोईमतूरला असतो, गलाईत, मामाच्या ओळखीने गेला होता. सतरा नंबरचा फॉर्म? भरला होता. पेपरला आलाच नाही, तिकडून सुट्टी मिळाली नाही. बहीण मात्र हुशार आहे, बारावी झाली, तिला पुढे घालायचंय.

लेखनिकाने रजिस्टर काढलं. जुनं, कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे वाळवीने खाल्लेले. त्याची ओळ सापडली. जन्मतारीख, जात, प्रवेशाची इयत्ता, सोडल्याची तारीख. शेऱ्याच्या रकान्यात: नववी अनुत्तीर्ण. तो वाकून बघत होता.

"एका गुणानं गेलो बघा मी," तो लेखनिकाला म्हणाला, जशी एखादी मजा सांगावी तशी. "मराठीत. आन् बाईंचाच विषय."

मी विचारलं, "आप्पा कसे आहेत?"

"हाईत. मेंढरं इकली दोन वर्सामागं. गुडघं ऱ्हायलं न्हाईत." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "औंदा पाऊस लवकर आला. आई अजून वाटंकडंच बघती, सवयीनं. आप्पा घरात बसल्यालं असत्यात आन् ही दारात."

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. लेखनिक होता म्हणून सांगितलं नाही, असं मी नंतर स्वतःला समजावलं. लेखनिक मध्ये पाच मिनिटं झेरॉक्सला गेला होता, तेव्हाही मी रजिस्टरची पानंच चाळत होते.

लेखनिक उतारा घेऊन आला. रजिस्टरशी ताडून बघायचा, मग सही. मी एकेक रकाना ताडला. तारीख बरोबर, जात बरोबर, शेरा बरोबर. लेखनिकाने खाली "सत्यप्रत"चा शिक्का मारला. शाई ओली होती म्हणून मी जरा थांबले, फुंकर मारली आणि सही केली.